दहा जीबी आणि आप्पांची कवळी

सोमवारी सकाळी साडेसात वाजता आप्पांची कवळी बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. दोन तुकडे आणि एक कपची. तुकडे हाताला लागले, मधली कपची मात्र नळाच्या पाण्याबरोबर गेली ती गेलीच. आप्पा तोंडावर टॉवेल धरून बाहेर आले, दोन्ही तुकडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले आणि शेजारी एक चिठ्ठी सरकवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'रविवार. संध्याकाळी पाच. सुरुवातीचे आठ बार. मी एकटा.'

त्यांच्या सुनेनं ती वाचली आणि ती मटकन खुर्चीत बसली.

बसणारच! आप्पांनी चाळीस वर्षं गावच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवला. आता तो बँडच बंद होणार होता. तरुण मंडळी पांगली होती, म्हाताऱ्यांचा दम संपत आला होता. म्हणून सगळ्या जुन्या वाजवणाऱ्यांनी ठरवलं, की बागेतल्या चौथऱ्यावर शेवटचं एकदा वाजवायचं, आणि मग कुलूप. सुरुवात आप्पांच्या ट्रंपेटनं. आठ बार, म्हणजे तालाची आठ आवर्तनं, ते एकटे वाजवणार आणि मग बाकीचे त्यांच्यामागून येणार. आणि ट्रंपेट, बरं का, नुसता ओठांनी वाजत नाही. ओठ दातांवर टेकतात, तेव्हा कुठं सूर धरतो. वरचे दातच नसतील तर आतून नुसती हवा निघते. आप्पांचे खालचे दात स्वतःचे होते, वरचे सगळे त्या कवळीचे.

आता तुम्ही म्हणाल, मग करायची नवी कवळी, त्यात काय! गंमत तीच तर आहे. आप्पांची सून कवळ्याच करते.

चार गल्ल्यांमध्ये तिला कवळीताई म्हणतात. टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांची तिची लॅब. एका खोलीत प्लास्टर, मेण, जबड्यांचे साचे आणि एका रांगेत मांडलेली पन्नास-साठ जणांची तोंडं. दुसऱ्या खोलीत स्कॅनर, कवळ्या छापणारा प्रिंटर आणि लॅपटॉप. बावीस वर्षं ती हेच करतेय. समोरून माणूस आला की ती आधी दात बघते, मग चेहरा. एकदा बसस्टॉपवर तिला शाळेतले तिचे गणिताचे सर भेटले. नमस्कार-चमत्कार राहिला बाजूला, ही म्हणते कशी, "सर, उजवीकडे वर टोचत नाही ना आता?" सरांबरोबर त्यांचे व्याही उभे होते. सर लाजून चूर झाले.

नवरा जहाजावर इंजिनाच्या कामाला, वर्षातले आठ महिने घरात नाही. घरात ती, आप्पा, आणि नवऱ्याची धाकटी बहीण. ही नणंद लॅबमध्येही तिच्या जोडीला असते. वयानं सहा वर्षांनी लहान, तरी कवळीताई तिला 'वन्सं' आणि 'अहो-जाहो' करते, कारण भांडताना अहो म्हटलं की जास्त झोंबतं. नणंद तिला सरळ 'वहिनी' म्हणते आणि 'तू' म्हणते. ते तितकंच झोंबतं.

वन्संचं काम पॉलिशचं. कवळी घडली की तिला चकाकी आणायची. डोळ्यांवर चष्मा, तोंडाला मास्क, समोर गरगर फिरणारं कापडी चाक आणि त्यावर ओली पूड. वन्सं कामाला बसल्या की मोठमोठ्यानं गातात आणि त्यांना कुणी काही सांगितलेलं ऐकू येत नाही. म्हणून लॅबमध्ये एक कायदा होता, आणि तो कवळीताईनंच केला होता : हिरव्या ट्रेमधल्या वस्तूला हात लावायचा नाही, निळ्या ट्रेमधली वस्तू पॉलिशला घ्यायची. विचारायचं नाही, चर्चा करायची नाही. निळ्यात आली म्हणजे घासायची. या कायद्यामुळे सहा वर्षं घरात शांतता होती.

तर सोमवारी कवळीताईनं आप्पांच्या हिरड्यांचं आणि खालच्या दातांचं माप घेतलं. "आप्पा, नवीन कवळी आपली रीतसर हातानं करायला गेलं तर दोन आठवडे जातील," ती म्हणाली. "आणि जुनी जोडण्यात अर्थ नाही, दोनदा जोडून झालीय. फुंकर मारलीत की भर बागेत लोकांच्या अंगावर जाऊन पडेल."

आप्पांनी चिठ्ठी लिहिली : 'नवीन नको. हुबेहूब तीच पाहिजे. माझे ओठ तिलाच ओळखतात.'

हेही खरं होतं. एकोणीस वर्षं तीच कवळी तोंडात होती. हुबेहूब तशी करायची म्हणजे एकच वाट. दोन्ही तुकडे स्कॅन करायचे, हिरडी स्कॅन करायची, खालचे दात स्कॅन करायचे, चारही चित्रं लॅपटॉपवर एकत्र उघडायची, तुकडे हिरडीवर नेमके बसवायचे, गेलेल्या कपचीची जागा भरून काढायची आणि छापायची. दोन दिवसांचं काम. कवळीताईला जरासुद्धा धास्ती वाटली नाही. तिनं आप्पांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "शुक्रवारी तोंडात!"

मंगळवारी सकाळी तिनं लॅपटॉपवर हिरडी उघडली. उघडली. पहिला तुकडा उघडला. तोही उघडला, जरा कुरकुरत. दुसरा तुकडा उघडायला घेतला आणि पडद्यावर ते गोल गोल फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. कवळीताईनं चहा केला, चहा प्यायली, कप धुतला, तरी फिरतंय. मग पडदा पांढरा झाला, लॅपटॉपचा पंखा जीव खाऊन घरघरला आणि एक पाटी आली : मेमरी अपुरी आहे.

तिनं बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. आता आधी दोन्ही तुकडे उघडले, तर हिरडी येईना. हिरडी ठेवली, तर खालचे दात येईनात. "अहो, एका माणसाचं तोंड आहे हे!" ती लॅपटॉपवर ओरडली. "वरचं उघडलं की खालचं नाही, खालचं उघडलं की वरचं नाही. तोंड मिटणार कधी?"

"वहिनी, कुणाशी भांडतेस?" आतून वन्संनी विचारलं.

"तुमच्याशी नाही, म्हणून बोलायला वेळ नाही," कवळीताई म्हणाली आणि लॅपटॉप पिशवीत घालून निघाली.

कोपऱ्यावर लॅपटॉप दुरुस्त करणारे एक काका बसतात. त्यांना सगळे 'बघूया' म्हणतात. चालू होत नाही? बघूया. पाणी सांडलं? बघूया. आज मिळेल का? बघूया. माणूस अत्यंत हुशार, पण वाक्य पूर्ण करायला त्यांना इतका वेळ लागतो, की गिऱ्हाईक अर्ध्यातूनच निघून जातं. त्यांनी लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले आणि भिंग लावून आत पाहिलं.

"दोन खाचे आहेत," ते म्हणाले. "दोन्हीत दोन-दोन जीबीच्या पट्ट्या आहेत. म्हणजे झाले चार."

कवळीताईनंही वाकून बघितलं. बोटभर लांबीच्या दोन हिरव्या पट्ट्या, आणि प्रत्येकीच्या कडेला ओळीनं बसवलेले इवले इवले सोनेरी दात. तिला एकदम घरच्यासारखं वाटलं.

"दोन खाचे आहेत ना? मग दोन्हीत मोठ्यात मोठ्या द्या."

"आठ-आठच्या आहेत माझ्याकडे. म्हणजे सोळा. पण याच्या पुस्तकात जास्तीत जास्त आठच लिहिलंय. आता ते तसं का लिहिलंय, तर..."

"जबड्यात जागा आहे ना, काका? मग दात बसणारच. बावीस वर्षं हेच करतेय मी. द्या."

"बघूया. पण त्याच्या आधी एक..."

"रविवारी पाच वाजता आप्पांचं वाजवणं आहे!" असं म्हणून ती लॅपटॉप आणि पट्ट्या घेऊन लॅबचा जिना चढलीसुद्धा. 'बघूया' हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दारापर्यंत आले, थोडा वेळ उभे राहिले आणि परत जाऊन बसले. एक महत्त्वाची गोष्ट त्यांच्या पोटातच राहिली.

बुधवारी सकाळी कवळीताईनं लॅपटॉप उघडा केला. तिच्याकडे दातांचे बारीक चिमटे, छोटे पाने, सगळी हत्यारं. जुन्या दोन्ही पट्ट्या काढून खिशात टाकल्या. नव्यांपैकी एक पाकिटातून काढली, दुसरी काढली, आणि तेवढ्यात खालून कुरियरवाल्यानं हाक मारली. हातातलं सगळं टेबलावर ठेवून ती सही करायला खाली गेली. पाच मिनिटं. फार तर सहा.

वर आली तर एकच पट्टी.

"वन्सं! इथली हिरवी पट्टी कुठंय?"

चाक थांबलं. गाणं थांबलं. वन्संनी मास्क खाली केला. "ती होय, सोन्याच्या दातांची? झाली की! बघ कसा आरसा केलाय. सोनं बाकी अगदीच पातळ चढवलेलं होतं हं. पुसून गेलं. मी म्हटलं, कुणी फसवलं बिचाऱ्याला?"

कवळीताईनं पट्टी हातात घेतली. ओली, पांढऱ्या पुडीनं माखलेली, आणि कडेचे सगळे सोनेरी दात घासून घासून नाहीसे झालेले. वरचे दोन काळे चौकोनही वन्संनी मनापासून गुळगुळीत केले होते.

"अहो, ही मेमरी होती!"

"कुणाची?"

"कुणाची काय? लॅपटॉपची!"

"मग निळ्या ट्रेमध्ये कशाला ठेवलीस?"

कवळीताईनं टेबलाकडे बघितलं. निळा ट्रे. तिनं स्वतःच्या हातानं, स्वतःच्या कायद्याप्रमाणे, सहा वर्षांच्या सवयीनं दातांची वस्तू निळ्या ट्रेमध्ये ठेवली होती. वन्सं कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मग वन्संच्या ओठाचा कोपरा हलला. कवळीताईनं "हसू नका!" म्हटलं आणि तिथंच घोटाळा झाला, कारण तिलाच फिस्सकन हसू फुटलं. दोघी प्लास्टरच्या पोत्यावर बसून पोट धरधरून हसल्या. आतल्या खोलीत मांडलेली साठ तोंडं त्यांच्याकडे बघून दात विचकत होती, त्यामुळे हसू आणखीनच आवरेना.

"पण दुसरी आहे ना," डोळे पुसत वन्सं म्हणाल्या. "ती मी घासली नाही. आणि खिशात तुझ्या त्या जुन्या खळखळतायत."

खरंच की! एका खाच्यात नवी आठची आणि दुसऱ्यात जुनी दोनची. आठ आणि दोन दहा. कवळीताईनं चिमट्यानं दोन्ही बसवल्या, कट्ट आवाज आला, झाकण लावलं, बटण दाबलं. लॅपटॉप सुरू झाला. दोघी पडद्यावर नाक टेकवून वाचायला लागल्या. बसवलेली मेमरी : दहा जीबी.

"आहे! दहा आहे!" वन्संनी टाळी वाजवली.

"थांबा. पुढं कंसात काहीतरी आहे." कवळीताईनं चष्मा चढवला. वापरता येणारी : तीन पूर्णांक दोन.

आता मात्र दोघींचे चेहरे उतरले. दहा बसवली आणि हा मेला तीनच वापरणार? बाकीची सात काय शोभेला ठेवायची? कवळीताईनं चारही चित्रं उघडून बघितली. तिसऱ्यालाच ते गोल गोल सुरू झालं. दारातून आप्पांनी डोकावून पाहिलं, दोघींची तोंडं बघितली आणि एक चिठ्ठी आत सरकवून निघून गेले. 'माझ्याऐवजी दुसरा वाजवू शकेल. जीव काढू नका.' अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं, पण 'दुसरा' हा शब्द दोनदा खोडून लिहिला होता.

गुरुवारी दुकान उघडायच्या आधीच ती 'बघूयां'च्या दारात हजर. बरोबर वन्संही होत्या. काकांनी कुलूप काढेपर्यंत कवळीताईनं सगळी कहाणी सांगितली, फक्त पॉलिशचा भाग गाळला. तो वन्संनी सांगितला, आणि पाकिटातून ती चकचकीत पट्टीही काढून दाखवली. काकांनी ती भिंगाखाली धरली. मग त्यांचे खांदे हलायला लागले.

"तीस वर्षांत..." ते म्हणाले आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "तीस वर्षांत लोकांनी यात चहा सांडलेला पाहिलाय, मुंग्या पाहिल्यात. पॉलिश केलेली मेमरी नव्हती पाहिली."

"काका, हसा नंतर. आधी मला सांगा, दहातली सात गेली कुठं?"

"तेच तर मी मंगळवारी सांगत होतो," 'बघूया' म्हणाले, आणि कवळीताईनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाक्य पूर्ण करू दिलं. "बघा, किती मेमरी चालेल हे तिघांना विचारावं लागतं. एक, खाचे किती आणि त्यांत केवढी पट्टी बसते. दोन, आतला मेंदू किती झेलतो. आणि तीन, वर चढवलेली सिस्टीम किती मोजू शकते. तिघांत जो सगळ्यात कमी सांगेल, त्याचं चालतं. तुमच्या पुस्तकात आठ लिहिलंय, कारण हा लॅपटॉप निघाला तेव्हा चारपेक्षा मोठी पट्टीच बाजारात नव्हती. दोन खाचे, बे चोक आठ, लिहून मोकळे झाले. आतला मेंदू सोळा झेलतो, मी तपासलंय. म्हणजे दोघं तयार आहेत. नडतोय तो तिसरा. तुमची सिस्टीम जुनी, बत्तीस बिटची आहे. तिला चारच्या पुढं मोजताच येत नाही. त्या चारमधूनही थोडी जागा लॅपटॉपचे बाकीचे भाग अडवून बसतात, म्हणून उरतात तीन पूर्णांक दोन."

"बत्तीस?" वन्सं म्हणाल्या. "माणसाला पुरतात की."

"माणसाला पुरतात. याला चौसष्टची घालावी लागेल."

"चौसष्ट!" वन्संनी तोंडावर हात ठेवला. "एवढे दात मगरीला असतात."

"घाला," कवळीताई म्हणाली. "आत्ता घाला. मी इथून हलत नाही."

आधी सगळी चित्रं, सहाशे लोकांची तोंडं, दुसरीकडे उतरवून घेतली. मग काकांनी जुनी सिस्टीम पुसली आणि नवी चढवायला घेतली. दुपारपर्यंत दोघी दुकानातल्या एकाच स्टुलावर आळीपाळीनं बसल्या. पडद्यावर टक्के चढत होते. वन्सं मोठ्यानं मोजत होत्या. एकोणसत्तरवर ते अडकलं तेव्हा कवळीताईनं डोळे मिटून घेतले, सत्तर झाल्यावर वन्संनी तिला चिमटा काढला. चार वाजता लॅपटॉप उघडला. मेमरी : दहा जीबी. पुढं कंस होता, त्यात वापरता येणारी : नऊ पूर्णांक नऊ.

"बसली!" कवळीताई ओरडली. तिनं वन्संना मिठी मारली. वन्संनी 'बघूयां'चा हात धरून त्यांना गिरकी घ्यायला लावली. एरवी वाक्य संपवायला पाच मिनिटं लावणारा तो माणूस गिरकी मात्र झटकन घेऊन मोकळा झाला. पलीकडून टायरवाला धावत आला, इथं काही कोसळलं का म्हणून विचारायला. त्याला दोघींनी एकदम सांगितलं, की पुस्तकात आठ लिहिलंय आणि आमची दहा चालते! त्याला काही कळलं नाही, पण त्यानंही हात मिळवला.

शुक्रवारी सकाळी कवळीताई एकटीच पडद्यासमोर बसली. हिरडी उघडली. पहिला तुकडा. दुसरा तुकडा. ती श्वास रोखून बसली. खालचे दात... आले! चारही एकत्र, एका पडद्यावर. आप्पांचं अख्खं तोंड. तिनं तुकडे हिरडीवर सरकवले, ते आपापल्या जागी बसले. कपचीची जागा भरली. मग तिनं बटण दाबलं आणि खालचा जबडा वर उचलला, दात मिटायला.

उजवीकडे दाढ दाढेवर टेकली. डावीकडे टेकली नाही. फट राहिली.

तिला वाटलं, आपण तुकडे चुकीचे बसवले. पुन्हा बसवले. फट तशीच. तिसऱ्यांदा बसवले, मोजलं. दीड मिलिमीटर. तुकडे बरोबर होते. कवळीच तिरकी होती. आत्ता नाही, पहिल्यापासून.

कवळीताईचे कान गरम झाले. ही कवळी तिनं स्वतः केली होती. लग्न होऊन या घरात येऊन दोन महिने झाले होते. कुणाच्या मदतीशिवाय केलेली ती तिची पहिली पूर्ण कवळी. आप्पांनी ती तोंडात घातली होती, दात दोनदा वाजवले होते आणि मान डोलावली होती. तेव्हापासून, एकोणीस वर्षं, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती सांगत होती : "आमच्या आप्पांना पहिल्या झटक्यात बसली, एकदाही घासावी लागली नाही." नव्यानं लग्न झालेल्या मुलीसारखी मान ताठ करून सांगायची. आणि आता पडद्यावर ती फट लाल रंगात दिसत होती. खाली एक बटण होतं, दाबलं की सगळं सरळ होतं. तिचं बोट त्या बटणावर गेलं. मग मागं आलं. ती उठली आणि घरी गेली.

आप्पा गॅलरीत बसले होते. मांडीवर ट्रंपेट, एक हात तोंडावर. दुसऱ्या हातानं ते ट्रंपेटची बटणं दाबत होते. फुंकर नाही, आवाज नाही, नुसती बोटं आठ बार वाजवत होती.

"आप्पा, खरं सांगा," ती समोर बसत म्हणाली. "ती कवळी पहिल्या दिवसापासून तिरकी होती ना?"

आप्पांनी चिठ्ठी लिहिली. 'थोडी.'

"थोडी? दीड मिलिमीटर! अहो, तेवढ्यात जेवणाचा घास अडकतो. एकोणीस वर्षं! आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

आप्पांनी पुन्हा पेन्सिल उचलली, थांबले, खाली ठेवली. मग त्यांनी तोंडावरचा हात काढला. सोमवारी माप दिल्यापासून पहिल्यांदाच. गालफडं आत गेलेली, वरचा ओठ आत वळलेला. हा माणूस कुणालाही असं दिसू देत नसे.

"तू ती कवळी घेऊन शेजारच्या तीन घरांत दाखवून आली होतीस," ते म्हणाले. शब्द ओले येत होते, पण कळत होते. "परत आलीस तेव्हा हसत होतीस. दोन महिने झाले होते तुला येऊन, आणि तोवर तू या घरात हसली नव्हतीस. तुझी सासू तेव्हा होती; आम्हाला दोघांना काळजी लागली होती, की पोरीचं इथं मन रमत नाही. आणि मी काय म्हणू, तिरकी आहे म्हणून?"

कवळीताईला रडू येत होतं, आणि रागही येत होता. "मग ट्रंपेट? ट्रंपेट कसा वाजवलात?"

"चार महिने लागले. पहाटे पंपहाऊसमागं जाऊन वाजवायचो, कुणी ऐकू नये म्हणून. ओठ जरा डावीकडे न्यायचे आणि फुंकर खालून द्यायची. जमलं. आता मला तेच सरळ आहे." त्यांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं. "परवा रविवार. सरळ कवळीवर नव्यानं शिकायला चार महिने आणू कुठून? म्हणून म्हटलं, हुबेहूब कर. तिरकीच्या तिरकी."

शुक्रवारी दुपारी आणि शनिवारी दिवसभर कवळीताई कामाला जुंपली. सरळ करायला एक बटण पुरलं असतं. स्वतःची जुनी चूक जशीच्या तशी उतरवायला दीड दिवस लागला, कारण ती जराही सुधारून चालणार नव्हती. जिथं हात आपोआप सरळ करायला जाई, तिथं ती स्वतःच्याच हातावर चापट मारी. प्रिंटरनं कवळी छापली. दात, हिरडी, तिरकेपणा, सगळं जिथल्या तिथं. वन्संना तिनं निळ्या ट्रेमधून न देता हातात दिली आणि म्हणाली, "फक्त बाहेरून. आतून एक केसभरही घासलंत तर बघा." वन्संनी त्या दिवशी गाणं म्हटलं नाही, नुसतं काम केलं.

रविवारी पाच वाजता बागेतल्या चौथऱ्यावर सतरा म्हातारे आपापली वाद्यं घेऊन बसले होते. खाली खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक हिरवळीवर बसले. 'बघूया' पहिल्या रांगेत. आप्पा उभे राहिले. ट्रंपेट ओठांना लावला. काहीच झालं नाही. एक क्षण, दोन क्षण. वन्संनी कवळीताईचा हात असा आवळला, की नखं रुतली.

मग आप्पांचे ओठ हळूच डावीकडे सरकले. कवळीताईला दिसलं, अख्ख्या बागेत फक्त तिलाच दिसलं असेल. आणि सूर निघाला. स्वच्छ, भरलेला, लांबच्या लांब. एक बार, दोन, तीन. ती ओठांवर नजर ठेवून होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एकोणीस वर्षं तिच्या चुकीच्या भोवती सूर बांधून ठेवला होता या माणसानं, आणि घरात कुणाला ऐकूसुद्धा येऊ दिलं नव्हतं. आठवा बार संपला, मागून सोळा जणांनी एकदम आवाज उठवला आणि वन्सं जागेवरच उड्या मारायला लागल्या.

वाजवणं संपलं, टाळ्या संपल्या. कुणी कुणाला सोडायला तयार नव्हतं. त्या गर्दीतून आप्पा ट्रंपेट पेटीत घालून खाली आले. कवळीताईच्या कानाशी वाकले.

"आता वाजवायचं संपलं," ते म्हणाले. "आता एक सरळ करायला घे बाई. एकोणीस वर्षं एकाच बाजूनं जेवतोय, कंटाळा आला."

कवळीताई रडता रडता खदखदून हसायला लागली. तिनं नाक पुसलं, चष्मा सारखा केला आणि सगळ्या बँडसमोर सासऱ्यांची हनुवटी धरली.

"आ करा," ती म्हणाली.